साडेतीन आकड्यांचा मीटर

मल्टिमीटरच्या खोक्यावर दोन गोष्टी ठळक छापलेल्या असतात: तो किती व्होल्टपर्यंत मोजतो आणि त्याचा डिस्प्ले किती काउंटचा आहे. पहिली सगळ्यांना कळते, दुसरीवरून वाद होतात. असाच एक वाद खाली दिला आहे. मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग आणि पॅनेलचं काम करतात. भाची शिरोली एमआयडीसीत कॅलिब्रेशनच्या कामाला आहे. दोघंही मी बनवलेली माणसं आहेत, पण त्यांच्यासारखं बोलणारी माणसं उद्यमनगरात शोधावी लागत नाहीत. मामांना कामावर आलेल्या नव्या पोरासाठी मीटर घ्यायचा आहे.

मामा : हा पिवळा दोन-तीनशे रुपयांत येतोय. तू म्हणतीस तो सहा हजार काउंटवाला त्याच्या दहापट. दोन्ही व्होल्टच दाखवत्यात नव्हं? मग जादा पैसे कशाचे?

भाची : थोडे आकड्यांचे, बरेचसे दुसऱ्याच गोष्टीचे. आधी आकड्यांचं बघू. पिवळ्यावर काय लिहिलंय? ३½ डिजिट.

मामा : कोल्हापूरकराला साडेतीनचं काय सांगतीस? साडेतीन पीठांतलं अख्खं पीठ आमच्याकडं हाय. अर्धं वणीला.

भाची : तर मग इथलं अर्धं पीठ कुठंय ते बघा. डिस्प्लेत जागा चार. मागच्या तीन जागांवर ० ते ९ काहीही येऊ शकतं. पहिल्या जागेवर फक्त १ येतो, नाहीतर ती कोरी राहते. म्हणजे जास्तीत जास्त आकडा १९९९. शून्य धरून २००० पायऱ्या झाल्या, म्हणून २००० काउंट.

मामा : आणि ३¾ म्हणजे?

भाची : तिथं सगळा सावळागोंधळ आहे. कुणी ३९९९ पर्यंत जाणाऱ्या मीटरला ३¾ म्हणतं, कुणी ५९९९ पर्यंत जाणाऱ्यालाही तेच म्हणतं. म्हणून डिजिट वाचूच नका. काउंट वाचा.

१९९९ हा आकडा कुणी उगाच निवडलेला नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या इंटरसिल कंपनीने आयसीएल ७१०६ ही चिप काढली, आणि बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरांच्या पोटात आजही बहुधा तीच किंवा तिची नक्कल असते. तिचं काम सरळ आहे. मोजायच्या व्होल्टेजने एक कपॅसिटर १००० ठोके चार्ज करायचा, मग आतल्या एका ठरलेल्या व्होल्टेजने, म्हणजे रेफरन्सने, तो उतरवायचा आणि उतरायला किती ठोके लागले ते मोजायचे. जितके ठोके तितका आकडा. उतरवायला २००० ठोक्यांपेक्षा जास्त वेळच दिलेला नाही, म्हणून १९९९ च्या पुढे गाडी जात नाही. चार्जिंगचा काळ साधारण १०० मिलिसेकंद ठेवतात. तेवढ्यात ५० हर्ट्झच्या बरोबर पाच फेऱ्या पूर्ण होतात आणि प्रोबच्या वायरीत शिरलेली लाईनची गुणगुण तिची तीच कटून जाते. एवढ्या स्वस्त वस्तूत एवढी हुशारी भरलेली पाहून मला या चिपचं आजही कौतुक वाटतं. एक गोष्ट मात्र पुढच्या वादासाठी लक्षात ठेवायला हवी: डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे आलेलं व्होल्टेज आणि रेफरन्स यांचं गुणोत्तर. रेफरन्स हलला की आकडा हलतो.

मामा : १९९९ तर १९९९. माझ्या कामाला लई झालं. इन्व्हर्टरची बॅटरी लाव, १२.६५ दाखवतो. अजून काय पायजे?

भाची : एक बॅटरी आहे तोवर काही नको. पण दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आला की? २५.३० व्होल्ट या मीटरला २० च्या रेंजवर दिसतच नाही, कारण ती १९.९९ ला संपते. तुम्ही नॉब २०० वर नेता आणि दिसतं २५.३. शेवटचा आकडा गेला. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि अर्धी उतरलेली, यात १२ व्होल्टला जेमतेम अर्ध्या व्होल्टचा फरक असतो. त्यात एक दशांश स्थान घालवणं परवडतं का? सहा हजार काउंटचा मीटर ६० च्या रेंजवर २५.३० दाखवतो.

मामा : मी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजतो. एक १२.७० आणि दुसरी १२.४० असली तर बेरीज मोजून मला काय कळणार?

हा मुद्दा मामांचा. मात्र त्यांनी भाचीच्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. प्रश्नच बदलला आहे. वर्कशॉपमध्ये हे सर्रास चालतं आणि बऱ्याचदा कामही होऊन जातं.

भाची : बरं, लाईन मोजा. २३० व्होल्ट. पिवळ्याला एसीच्या दोनच रेंजा, २०० आणि ७५०. म्हणजे ७५० वरच मोजायला लागणार आणि तिथं एक-एक व्होल्टची पायरी. माझ्या मीटरवर २३०.४ येतं.

मामा : आणि ते ०.४ खरं असतंय?

भाची : नाही.

मामा : मग कशाला दाखवतंय?

भाची : दोन्हींच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचू, मग सांगते. पिवळ्याच्या जातीच्या मीटरला एसीची ॲक्युरसी साधारण अशी देतात: रीडिंगच्या १.२ टक्के अधिक १० डिजिट. २३० चे १.२ टक्के म्हणजे २.७६. आणि १० डिजिट म्हणजे शेवटच्या जागेवरचे दहा. इथं शेवटची जागा एक व्होल्टची, म्हणून १० व्होल्ट. बेरीज पावणेतेरा. डिस्प्लेवर २३० दिसलं तर खरं व्होल्टेज २१७ ते २४३ च्या मध्ये कुठंही असू शकतं आणि तरी मीटर कागदाप्रमाणे चोखच ठरतो.

मामा : आणि तुझा?

भाची : १ टक्का अधिक ३ डिजिट धरा. २.३ अधिक ०.३, म्हणजे २.६ व्होल्ट. माझं २३०.४ म्हणजे खरं तर २२७.८ ते २३३.

मामा : म्हणजे पॉइंटच्या पुढचा आकडा तुझ्याही मीटरमध्ये शोभेचा.

भाची : एकच रीडिंग घेऊन बसलात तर शोभेचा. दोन घेतलीत तर नाही. मीटर दीड व्होल्ट जास्त दाखवत असला, तर तोच मीटर त्याच रेंजवर पाच मिनिटांनीही जवळपास तेवढंच जास्त दाखवणार. वजाबाकी केली की ती चूक निघून जाते. मोटर चालू व्हायच्या आधी २३०.४, चालू झाल्यावर २२८.९. हा दीड व्होल्टचा फरक खरा आहे. तुमचा पिवळा एकदा २३० म्हणेल, एकदा २२९, आणि फरक एक व्होल्टचा की दोनचा, हे तुम्हाला कधी कळणार नाही.

आकड्यांच्या बाजूने बोलायला मला याहून चांगला युक्तिवाद सापडलेला नाही. गुजरीतल्या सोनाराच्या काट्याकडेही गिऱ्हाईक असंच बघतं: एकूण वजन किती, यापेक्षा घडणीत कमी किती झालं याकडे त्याचं लक्ष जास्त.

मामा : फरकच बघायचा तर थ्री फेजचं बोल. माझं पोट त्याच्यावर हाय. ४१२, ४१५, ४०९. सरासरी ४१२, त्यापासून जास्तीत जास्त फरक ३ व्होल्ट, पाऊण टक्का. मोटर झक्कास चालणार. हे असंतुलन साडेतीन टक्क्यांवर गेलं की वाइंडिंगची तापमानवाढ सुमारे चौथ्या हिश्श्यानं वाढती, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा. साडेतीन टक्के म्हणजे चौदा व्होल्ट. चौदा व्होल्ट बघायला दशांश स्थान लागतंय व्हय?

भाची : नाही लागत.

मामा : आणि आता मोटर उघडूया. पोरानं रिवाइंडिंग केलं, चार वेढे कमी घातले. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मोजतो : १.४, १.४, १.४. तुझा सहा हजारवाला काय दाखवील?

भाची : …१.४.

मामा : का? काउंट तिप्पट हाईत की.

भाची : त्याची ओहमची सगळ्यात खालची रेंज ६००.० पासून सुरू होते. तुमची २००.० पासून. दोघांचीही शेवटची जागा ०.१ ओहमची. काउंट जास्त मिळाले, पण ते सगळे वरच्या टोकाला खर्च झाले.

इथे भाचीने पदरचं घालून काही सांगितलं नाही, हे तिच्या प्रामाणिकपणाला धरून झालं. काउंटची संख्या खोक्यावर असते. सगळ्यात खालची रेंज कितीची, हे आतल्या कागदावर बारीक अक्षरात असतं. बारीक मोजणाऱ्याला तीच आधी लागते. १.४ मध्ये ०.१ म्हणजे सात टक्के, आणि चार वेढ्यांचा फरक दोन-तीन टक्क्यांचा. शिवाय प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स दोन-तीन दशांश ओहम असतो.

भाची : मग तुम्ही ते पकडता कसं?

मामा : बेंच सप्लाय हाय नव्हं. करंट लिमिट एक अँपिअरवर लावायची, वाइंडिंगमधून डीसी सोडायचा आणि टर्मिनलवर, सप्लायच्या चिमट्यांच्या आतल्या बाजूला, मीटरचे प्रोब टेकवायचे. दोन व्होल्टच्या रेंजवर. एकावर १.४२१ आलं, दुसऱ्यावर १.४१९, तिसऱ्यावर १.३८०. एक अँपिअर असल्यामुळं व्होल्ट तेच ओहम. तिसऱ्यात वेढे कमी. हा पिवळा मीटर मिली-ओहम मोजतोय बघ.

भाची : चार वायरींची पद्धत! वायरींचा रेझिस्टन्स पण आपोआप बाहेर. लॅबमध्ये आम्ही हेच करतो.

मामा : तुमच्या लॅबला त्याचं नाव असंल. आमच्याकडं ती नुसती रीत. फक्त वाइंडिंग तापायच्या आत मोजायचं, न्हाईतर तांब्याचा रेझिस्टन्स डिग्रीला चारेक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यानं चढतो आणि पहिली फेज-तिसरी फेज तुलना बोंबलती.

भाची : मान्य. आता माझ्या बाजूची केस ऐका. फौंड्रीची.

ही केस कोल्हापुरात येणं अपरिहार्यच होतं. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि उद्यमनगर मिळून इथे ओतकामाचा मोठा पसारा आहे. भट्टीतून लोखंड लॅडलमध्ये आलं की त्यात थर्मोकपलची टिप बुडवून तापमान घेतात. ते कमी असलं तर पातळ जागी लोखंड भरायच्या आत गोठतं आणि कास्टिंगमध्ये कोल्ड शट राहतो. जास्त असलं तर वाळू भाजून कास्टिंगला चिकटते.

भाची : टिपमधला प्लॅटिनम-ऱ्होडियमचा एस टाइप थर्मोकपल १४०० डिग्रीला १४.३७ मिलिव्होल्ट देतो. त्या भागात एका डिग्रीला साधारण १२ मायक्रोव्होल्ट. समजा शॉपमधला इंडिकेटर चुकतोय असा संशय आला आणि मेंटेनन्सवाल्यानं मल्टिमीटर लावला. तुमच्या पिवळ्याच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर शेवटची पायरी ०.१ मिलिव्होल्टची. म्हणजे आठ डिग्री. एक आकडा हलला की तापमान आठ डिग्रीनं उडी मारतं. त्यात ०.५ टक्के अधिक २ डिजिट धरा : ०.०७ अधिक ०.२, म्हणजे ०.२७ मिलिव्होल्ट, बावीस डिग्री. वरही आणि खालीही.

मामा : आणि सहा हजारवाला?

भाची : त्याला ६०.०० मिलिव्होल्टची रेंज असेल तर शेवटची पायरी ०.०१, म्हणजे एक डिग्रीच्याही आत. तोच ०.५ टक्के अधिक २ डिजिट धरला तरी सगळी मिळून आठ डिग्री. बावीसच्या जागी आठ. इथं आकड्यांनी खरंच काम केलं.

मामा : 'असेल तर.'

भाची : असेल तरच. ६००.० पासून सुरू होत असेल तर परत ०.१ वरच अडकलो. अगदी नावाजलेल्या महाग मीटरांतही सगळ्यात खालची रेंज ६००.० मिलिव्होल्ट असलेले सापडतात.

मामा : अजून एक. शॉपमध्ये गरमी किती? पस्तीस डिग्री? थर्मोकपलचं दुसरं टोक त्याच गरमीत बसलंय. ते हिशेबात कोण धरणार?

भाची : (हसते) हे तुम्ही विचाराल असं वाटलंच होतं. इंडिकेटर ते आत धरतो, मल्टिमीटर धरत नाही. पस्तीस डिग्रीला एस टाइपचे ०.२ मिलिव्होल्ट होतात, ते हातानं मिळवायला लागतात. विसरलात तर १४०० च्या जागी तेराशे ऐंशीच्या आसपास वाचाल.

मामा : म्हणजे तुझी ती एका डिग्रीच्या आतली पायरी गेली की लोखंडाबरोबर वाहून.

मामांना जिंकल्यासारखं वाटलं असलं तरी ते पूर्ण जिंकलेले नाहीत. बारीक पायरी असल्याशिवाय ही वीस डिग्रीची चूक आहे हेही कळलं नसतं. आठ-आठ डिग्रीच्या उड्यांत ती दबून गेली असती. पण नुसत्या पायऱ्या विकत घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, हेही तितकंच खरं.

मामा : आता पिवळ्याची एक खोड मीच सांगतो, तुझ्या बाजूनं. सेल उतरला की हा मीटर जास्त दाखवतो. २३० ची लाईन २६० दाखवतो, आणि आकडे कसे? ठाम. जराही हलत न्हाईत. नवं पोरगं घाबरून मेन स्विच पाडतंय.

भाची : कारण आकडा म्हणजे गुणोत्तर. नऊ व्होल्टचा सेल फारच खाली गेला की चिपचा रेफरन्स सांभाळला जात नाही, तो खाली येतो, भागाकार मोठा होतो. डिस्प्लेच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण येते, पण बघतो कोण? आणि मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या पुढे मोजलं तर?

मामा : तिथं तर तमाशाच. साधा मीटर काहीबाही दाखवतो.

भाची : त्याचं गणित शुद्ध साइन वेव्ह गृहीत धरतं. व्हीएफडीतून निघतात तुकड्या-तुकड्यांचे पल्स. तिथं वेव्हचा आकार कसाही असला तरी बरोबर मोजणारा ट्रू आरएमएस मीटर लागतो, आणि तो असूनही व्हीएफडीसाठी फिल्टर नसेल तर आकडा भरकटतो. सहा हजार काउंट असोत की साठ हजार, तो चुकीचाच आकडा जास्त बारकाईनं दाखवतील.

मामा : माझा पहिला मीटर काट्याचा होता, नाशिकच्या मोटवानेचा. त्यात सैल कॉन्टॅक्ट दिसायचा, काटा थरथरायचा. डिजिटलमध्ये नुसते आकडे उड्या मारत्यात, वाचता येत न्हाईत.

भाची : म्हणून काही मीटरांत आकड्यांखाली बार ग्राफ असतो. तो काट्याचंच काम करतो.

काट्याच्या मीटरवर इथे फार रेंगाळण्यात अर्थ नाही. त्याचे भक्त आणि शत्रू दोन्ही पुष्कळ आहेत.

मामा : तुमच्या लॅबात किती आकडी असतो?

भाची : साडेसहा. एचपीचा ३४४०१ए असतो ना, त्या जातीचा. दहा व्होल्टच्या रेंजवर शेवटची जागा १० मायक्रोव्होल्टची. पण त्याच्याच कागदावर वर्षभरासाठीची ॲक्युरसी लिहिलीय : रीडिंगच्या ०.००३५ टक्के अधिक रेंजच्या ०.०००५ टक्के. १० व्होल्टला ते होतात ४०० मायक्रोव्होल्ट. म्हणजे शेवटच्या जागेवरचे चाळीस.

मामा : म्हणजे साडेसहा आकड्यांतले शेवटचे दोन पण…

भाची : एका रीडिंगपुरते, हो. फरक बघायला मात्र तेच लागतात. आणि हा मीटरही त्याच्याहून वरच्या मीटरशी ताडून बघायला लागतो, तो त्याच्याही वरच्याशी, असं करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबच्या सर्टिफिकेटवर प्रत्येक आकड्यापुढे 'अधिक-उणे' लिहिलेलं असतं. ते नसेल तर आमच्या दृष्टीनं तो कागद रद्दी.

मामा : बरं, तू म्हणालीस बरेचसे पैसे दुसऱ्याच गोष्टीचे. कशाचे?

भाची : खोक्यावर कोपऱ्यात बघा, कॅट थ्री, ६०० व्होल्ट. पॅनेलमध्ये शॉर्ट झाला, लाईनवर सर्ज आला, तर मीटर हातात फुटू नये म्हणून आत योग्य अंतर, जाड इन्सुलेशन आणि वाळू भरलेला मोठा फ्यूज. स्वस्त मीटरांत बहुधा काचेचा छोटा फ्यूज, आणि १० अँपिअरचं सॉकेट तर अनेकदा फ्यूजशिवायच. नवं पोरगं प्रोब अँपिअरच्या सॉकेटमध्येच ठेवून ४१५ च्या बसबारला टेकवणार, एकदा तरी.

मामा : एकदा तरी टेकवतंच.

इथे दोघांचं एकमत झालं, आणि माझंही मत तेच: पॅनेलवर काम करणाऱ्या माणसासाठी पहिले पैसे फ्यूज आणि कॅट रेटिंगला, मग सगळ्यात खालच्या रेंजला, आणि उरलेच तर काउंटला. योगायोगाने फ्यूज चांगला असलेले मीटर सहसा ६००० काउंटचेच असतात, म्हणून दुकानात वाद काउंटचा होतो आणि किंमत फ्यूजची मोजली जाते.

मामा : तर पोराला तुझा सहा हजारवाला घेतो. पण टेस्ट रिपोर्टवर मी लिहिणार काय? २३०.४?

भाची : २३० लिहा. पुढचा आकडा आपला नाही. आणि खाली लिहा, अधिक-उणे तीन व्होल्ट.

मामा : अधिक-उणे लिहिलं की गिऱ्हाईक विचारतंय, 'मेस्त्री, तुमचा मीटर बिघडलाय काय?' २३० लिहिलं तर म्हणतंय अंदाजानं लिहिलंय.

भाची : आणि २३०.४ लिहिलं तर?

मामा : बिल पास होतंय.